ती काय म्हणते ते मी सांगायचो

माझ्या धाकट्या बहिणीचं बोलणं घरात फक्त मला समजतं, असं सगळे धरून चालायचे. मी ते कधी खोडून काढलं नाही. ती सात वर्षांची, मी दहाचा. आणीबाणीच्या आसपासची वर्षं असतील. ती उशिरा चालायला लागली होती, तोंड कायम थोडं उघडं, जीभ जड. शब्द निघायचे ते अर्धे, तेही नाकातून. बाकीचं ती हातांनी भागवायची. आमचं गाव लाखनीपासून चार कोस आत. वडील तुमसरला राईस मिलमध्ये, घरी यायचे ते रविवारी.

"ये बाबू, काय म्हणते हे, सांग बरं," विहिरीवरच्या बाया मला हाक मारायच्या. शाळेत मला कोणी विचारत नव्हतं. इथे मात्र चार बाया हातचं काम थांबवून माझ्या तोंडाकडे बघायच्या. तो मान मला फार आवडायचा.

आणि मी सांगे त्यातलं निम्मं माझ्या मनचं असायचं. "जांब पायजे म्हणते," म्हटलं की जांब, म्हणजे पेरू, दोघांनाही मिळायचे. "मले एकटीले भेव लागते, दादाले शाळेत नोको धाडू म्हणते," म्हटलं की आई मला घरी ठेवून घ्यायची. बहीण माझ्याकडे टुकुटुकु बघायची आणि जांब खायची.

पन्नाशी उलटली तरी पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दिवसभर दंडारीचे, म्हणजे ढोलकीवरच्या सोंगांचे, खेळ होतात. त्या वर्षी मामाच्या गावची मंडई मला चुकवायची नव्हती. धान कापणीला आलं होतं, आई जायला तयार नव्हती. दोन दिवसांपासून बहीण उजव्या कानावर हात ठेवून कण्हत होती. कान दुखतो आहे, हे मला पहिल्याच दिवशी समजलं होतं. आईने विचारलं, "कायले कानाले हात लावून राहिली हे?"

"दंडारीची ढोलकी ऐकायची म्हणते," मी म्हणालो. "मामाच्या गावाले चाल म्हणते."

बंडी जुंपली गेली. मी दिवसभर दंडार पाहिली. बहीण आईच्या मांडीत तोंड खुपसून रडत होती. मंडईनंतर तिसऱ्या दिवशी कानातून पू आला. त्या कानाने तिला आजही कमी ऐकू येतं.

लाखनीच्या डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून दुखते?"

"सांगतलंच नाही जी तिनं," आई म्हणाली. "बोलता नाही येत. ह्याले समजते तिचं."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी सुया उकळायच्या भांड्याकडे बघत होतो.

"हा काय जन्मभर तिच्या मागंमागं फिरणार आहे? तिच्या तोंडाला कामाला लावा. फुंकर मारायला शिकवा, जीभ हलवायला लावा. अन् मागितल्याबिगर काही देऊ नका."

पुढचे कितीतरी दिवस आई शेजारणींना सांगत राहिली, "लेकराचा कान पिकला अन् मले समजलं नाही. कशाची माय वो मी?" मी तिथेच बसलेला असायचो. एक वाक्य पुरलं असतं. आई गेली तोवर ते माझ्याच्याने बोलवलं नाही.

पण तो हिवाळा आठवला की मला हसूच येतं, त्याला काय करू. आईने बहिणीच्या हातात चुलीची फुंकणी दिली. पहिले आठ दिवस फुंकणीतून नुसती लाळ गेली. नवव्या दिवशी अशी फुंकर गेली की सगळी राख आईच्या तोंडावर. पांढऱ्या भुवयांची आई तशीच शेजारी धावली, "पाह्यलं काय वो, लेकीनं फुंकलं!" मग तळहातावर धानाचा कोंडा ठेवून उडवायची शर्यत. मग वरच्या ओठाला गुळाचा खडा चिकटवायचा आणि जिभेने काढायचा. तो खेळ बहिणीला इतका आवडला की नाकाच्या शेंड्यावर लाव म्हणून ती हटून बसायची. आई स्वतःच्याही ओठाला गूळ लावून बसायची. एका रविवारी वडील आले, दोघींना तसं पाहिलं. पाय धुतले, शेजारी बसले आणि गुळाचा खडा आपल्या मिशीला लावला. मिशीतला गूळ काही निघेना, आणि बहीण हसता हसता गडबडा लोळली.

मी मात्र खोडा घालत होतो. तिने माझा सदरा ओढला की मागायच्या आधीच तिच्या वतीने बोलून वस्तू हातात द्यायचो. ती बोलायला लागली तर मला कोण हाक मारणार? आईने एकदा पकडलं. "तिच्या बदल्यात तोंड उघडलं ना, त तुलेच फुंकणी फुंकत बसवीन," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर मी गप्प राहायला शिकलो. हळूहळू ती सवयच लागली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आईने ठरवलं, हिला एकटीला दुकानात पाठवायचं. आठ दिवस आई दुकानदार झाली आणि बहीण गिऱ्हाईक. "चा-पत्ती दे." पत्तीतला ‘त’ निघता निघत नव्हता. शेवटी एका दुपारी चुलीवर साखरेचं आधण ठेवून आईने तिच्या मुठीत चिल्लर दिली. मी वीस पावलं मागे राहायचं, बोलायचं नाही.

"काय पायजे वो बाई?" दुकानदार म्हणाला. बहीण चिल्लर मुठीत घट्ट धरून उभी. त्याने तिच्या डोक्यावरून मला विचारलं, "काय म्हणते बे हे?"

मी अंगठ्याने माती उकरत राहिलो. बहिणीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, एकदा, दोनदा. मी येत नाही हे समजल्यावर ती चिडली. फळीवर थाप मारून म्हणाली, "पापडी!"

"पापडी? मायनं सांगतली?"

"हो. मायनं."

दुकानदाराला शंका आली. "खरं काय बे?"

"ते म्हणते तेच खरं," मी म्हणालो.

घरी येईपर्यंत तिने अर्धी पुडी संपवली. आई दारातच उभी होती. "चहापत्ती कोठी हाये?"

"संपली," बहीण म्हणाली. तोंडात पापडी होती, तरी शब्द स्वच्छ.

आईने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी बहिणीकडे बोट केलं. ती खाली बसली, बहिणीच्या तोंडासमोर तोंड नेलं.

"दुकानातली संपली?"

"संपली."

"सारी?"

"सारी."

आईला हसू आवरेना, तिने खांब धरला. चुलीवर साखरेचं पाणी उकळत होतं. तेच आम्ही तिघांनी कपात घेतलं, पापडीबरोबर. पिता पिता आई पुन्हा विचारायची, "काय झालं म्हणते वो चहापत्तीचं?" आणि बहीण दर वेळी सांगायची.