चपला गेल्या की आई

समोरच्या दारातल्या मावशींना आज सूप भरवून आले. देवापुढे बसले तरी मन लागेना, म्हणून आधी हे लिहून मोकळी होते.

मावशी म्हणजे कुणाचीच मावशी नव्हे. त्यांना सख्खी बहीणच नाही. पण समोरच्या दोन खोल्यांत त्यांनी बरीच वर्षं पाळणाघर चालवलं. मुलं म्हणतात म्हणून मुलांचे आईबाप, मग आम्ही शेजारी, शेवटी पोस्टमनसुद्धा त्यांना मावशीच म्हणू लागला. नवरा बस चालवायचा. तोही दारातून आत येताना ओरडायचा, 'मावशी, एक मूल वाढलं, जेवायला वाढा.' त्यावर मावशी, 'आधी हात धुवा, मग रांगेत बसा.' घरात विनोद भरपूर होता, खोटं कशाला बोलू.

काम चोख. बाहेरच्या खोलीत अंथरलेली सतरंजी, भिंतीशी घडी केलेल्या गाद्या, खिडकीला जाळी, दाराशी चपलांचं लाकडी रॅक. प्रत्येक मुलाला टोपणनाव. रडका तो भोंगा, एका जागी न बसणारी ती भिंगरी, घास गालात धरून बसणारा तो गोदाम. स्वतःच्या एकुलत्या मुलीचं नाव शेपटी. दुधाचा पेला असो, झोका असो की नाक पुसणं असो, ती सगळ्यांच्या मागे. मावशी म्हणायच्या, 'लोक विश्वासाने पोरं ठेवतात. माझीला आधी घेतली तर उद्या नावं ठेवतील.' आणि खरंच, नव्या गिऱ्हाइकाला त्या तेच दाखवायच्या. बघा, माझी कशी कोपऱ्यात बसलीये.

पाळणाघर सुरू झालं तेव्हा शेपटी नुकती स्पष्ट बोलू लागली होती. एकदा उंबरठ्याला अडखळली, गुडघा फुटला, आणि 'आई आई' करत ती धावत सुटली. ते ऐकून भोंग्याला त्याची आई आठवली. भोंगा लागला म्हणून भिंगरी, मग गोदाम तोंडातल्या घासासकट. संध्याकाळी न्यायला आलेल्या बायका जिन्यातूनच तो कल्लोळ ऐकत वर आल्या. एकीने दुसऱ्या दिवसापासून मूल पाठवलंच नाही.

तेव्हापासून त्या घरात 'आई' हा शब्द बंद. कुणाची आई न्यायला आली तरी 'चला, गाडी आली' एवढंच म्हणायचं. आणि शेपटीला बजावलं, 'मुलं असतील तोवर मी मावशी. सगळ्यांची तशी तुझी. रॅकवरची शेवटची चप्पल गेली की मग आई.'

पोर ती, विसरायची. विसरली की सगळ्यांसमोर भिंतीकडे तोंड करून बसायचं. मग मावशी बाकीच्यांना विचारायच्या, 'कोण चुकलं?' 'शेपटी,' सगळी एका सुरात. रडणारं मूलही त्या नादात हसायला लागायचं. मावशी मला म्हणायच्या, 'बघा, रडं कसं पळालं.'

मग शेपटी शिकली. खेळ सोडून रॅकजवळ बसायची, एकेक जोडी जाताना बघायची. पण शेवटची जोडी जाईपर्यंत मावशींच्या अंगात त्राण उरायचं नाही. गाद्या उचला, लादी पुसा, नवऱ्याचा डबा भरा. पोर मागेमागे. 'आता तू आई आहेस का?' 'आता तू माझं डोकं खाऊ नकोस.' रविवारी चादरी धुवायचा ढीग. 'आज आहेस?' 'आज मी मेलेय असं समज.' आमची दारं समोरासमोर, कान झाकायचे म्हटलं तरी ऐकू यायचं.

संध्याकाळी त्यांचा एक ठरलेला विनोद असायचा. मुलं न्यायला आलेल्या बायका चपला शोधत असल्या की मावशी शेपटीला पुढे ढकलायच्या. 'आणि ही एक उरली बघा. हिला न्यायला कुणी येतच नाही. विसरले वाटतं हिला.' बायका हसायच्या. शेपटीही हसायची, सगळे हसतात म्हणून.

एकदा भोंग्याच्या आईने, ती बँकेत नोकरीला होती, थट्टेत हात पुढे केला. 'चल गं, मी नेते तुला.'

'न्या, न्या,' मावशी म्हणाल्या. 'परत आणायची तसदी नको.'

शेपटी आत गेली. बाहेर आली ती फ्रॉक बदलून, ओल्या हाताने केस बसवून, आपला दुधाचा पेला काखेत धरून. चपला घातल्या, बँकवालीचा हात धरला आणि निघाली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मावशी कठड्याशी उभ्या राहून हसत होत्या. थोड्या वेळाने बँकवाली तिला घेऊन परत आली. भोंगा एका हाताला, ही दुसऱ्या हाताला. मी दार उघडं टाकून भाजी निवडत होते, त्यामुळे तिने काय सांगितलं ते मीही ऐकलं. कोपऱ्यावर ती शेपटीला म्हणाली होती, चल, झाली गंमत, आता घरी. तर शेपटी तिला म्हणाली, 'मी त्रास देत नाही. मी सगळ्यांच्या नंतर जेवते. आणि मी तो शब्द म्हणत नाही.'

एवढं सांगून बँकवाली म्हणाली, 'मावशी, लेकराला जरा जवळ घेत जा हो.'

एवढं बोलायला नको होतं. गिऱ्हाइकाने शिकवलेलं मावशींना सोसायचं नाही. ती जिना उतरते न उतरते तोच मावशींचा हात रॅककडे गेला. रॅकवर चपला नव्हत्या. शेपटीच्या पायात होत्या, त्यातली एक ओढून काढली. 'मला चारचौघांत तोंडघशी पाडतेस? घरात तुला काही कमी आहे?' चप्पल छोटी होती, आवाज मात्र मोठा येत होता. आतून त्यांच्या बसवाल्या नवऱ्याने सांगितलं, 'अगं पुरे, शेजारी ऐकताहेत.'

दुसऱ्या दिवसापासून शेपटी तिच्या आईला 'तुम्ही' म्हणू लागली. मावशी, तुम्ही दूध देता का. मावशी, तुम्ही बसा, मी पुसते. मुलं असोत नसोत, रविवार असो. मावशींच्या ते बरेच दिवस लक्षातच आलं नाही आणि आलं तेव्हा त्या खूश झाल्या. मला मुद्दाम बोलावून ऐकवलं. 'तुमची पोरं तुम्हाला अगं-तुगं करतात. माझीला बघा कसं वळण लावलंय.'

'खरंय,' मी म्हटलं. परक्या बाईला तुम्ही आणि आईला तू, हे भाषा शिकणाऱ्या पोरालाही कळतं. त्यांना कोण सांगणार.

पुढे गल्लीच्या तोंडाशी नवं पाळणाघर निघालं, भिंतीवर कॅमेरे आणि पायाखाली रबरी लादी. मावशींची मुलं तिकडे गळत गेली. शेवटचं गेलं तेव्हा शेपटी आठवीत होती. त्या दिवशी मावशींनी रॅक ओल्या फडक्याने पुसलं आणि मला म्हणाल्या, 'सुटले बाई एकदाची.' तेवढ्यात शेपटी शाळेतून आली, चपला काढून तिने रॅकवर ठेवल्या. मावशींनी दोन्ही हात पसरले.

'अगं, गेल्या सगळ्यांच्या चपला. आता मी तुझी एकटीची. म्हण बघू.'

शेपटीने रॅककडे पाहिलं. 'माझ्या आहेत की, मावशी.'

मावशी हसल्या, मला डोळ्यांनी खुणावलं, बघा कशी नाटकी आहे. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आधी लाडीगोडी झाली, मग शिव्या. मग 'म्हणेपर्यंत ताट मिळणार नाही' हेही करून झालं. शेपटी ताटाशिवाय झोपली. उपाशी राहायचा तिला सराव होता असं नव्हे, शेवटी जेवायचा होता. हट्ट मावशींनाच सोडावा लागला. नवरा गेला त्या दिवशी माणसांनी भरलेल्या घरात त्या लेकीच्या गळ्यात पडल्या. 'आता तरी म्हण गं.' शेपटीने पेला पुढे केला. 'मावशी, पाणी घ्या थोडं.'

गेल्या हिवाळ्यात मावशी न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून खिडकीशी पडून आहेत, मुलांच्या गाद्या लावायच्या त्याच जागी. शेपटी औषधांच्या दुकानात नोकरी करते. आईचं सगळं करते, नाव ठेवायला जागा नाही. चादर रोज बदललेली, दूध वेळेवर, गळ्याला टॉवेल बांधूनच भरवणं. चिडत नाही, आवाज चढवत नाही. पण काम झाल्यावर घडीभर शेजारी बसतही नाही. मी मावशींसाठी रोज एकच प्रार्थना करते, देवा, त्यांचं मागणं ऐक. देव ऐकत असेल. शेपटी ऐकत नाही.

आज गेले तेव्हा ती कामावर निघायच्या घाईत होती.

'टॉवेल बांधून ठेवलाय, काकू. सूप फुंकून द्या, त्यांना चटका लवकर लागतो.'

'अगं, मी आता किती दिवसांची,' मावशी तिला म्हणाल्या. 'एकदा म्हण. काकूंच्या समोर म्हण.'

'उशी उंच करू का?'

'मारलं म्हणून राग आहे का तुला? कोणती बाई पोराला मारत नाही?'

'मार मला आठवतसुद्धा नाही, मावशी.'

'मग काय अडतंय?' मावशींच्या डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत ओघळलं. पडल्या पडल्या रडलं की ते तसंच जातं.

शेपटीने टॉवेलच्या टोकाने ते टिपलं, आधी एका बाजूचं, मग दुसऱ्या. 'तो शब्द काढला की रडं सुरू होतं. तुम्हीच सांगितलंत ना. आत्ता नुसता विषय निघाला तर बघा काय झालं. मी दिवसभर बाहेर. तुम्हाला गप्प कोण करणार?'

मी तिच्या तोंडाकडे टोमणा शोधत होते. नव्हता. एखादीने पंखा बंद केलाय का बघावं तसं तिने आईकडे एकदा बघितलं, चपला घातल्या आणि गेली.

जिन्यातली पावलं थांबेपर्यंत मावशी कान देऊन होत्या.

'गेल्या का हो तिच्या चपला?'

'गेल्या.'

'रॅक रिकामं?'

माझ्या चपला होत्या रॅकवर. 'रिकामं,' मी म्हटलं.

'मग झाले मी आई,' असं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. मी फुंकर घालून चमचा पुढे केला.