विनीच्या स्वयंपाकघरातली माझी भांडी

आमच्या गल्लीत दारापुढची सगळ्यांत पांढरी पायरी विनी सग्डनची. दिवसभर गिरणीत उभी राहून आली, तरी आठवड्यातून दोनदा गुडघे टेकून ती घासायचीच. नवरा लढाईत गेला, मूलबाळ नाही. ते नीटनेटकं घर हीच तिची इभ्रत.

एकावन्न साली लंडनहून लघुपटवाले आले. घरातल्या स्वच्छतेवर दहा मिनिटांचा लघुपट करायचा होता, मुख्य चित्रपटाआधी दाखवायला. त्यांनी विनीचं स्वयंपाकघर निवडलं, तेव्हा बिचारी दोन दिवस घासत होती.

चित्रीकरणाच्या दुपारी त्यांच्यातला एक चष्मेवाला माझ्या मागच्या दारी आला.

"बाई, खरकटी भांडी आहेत का हो? शेजारी सगळं फारच लख्ख आहे."

रविवारी मांस भाजलेलं भांडं मंगळवारपर्यंत तसंच पडलं होतं, वर चरबी थिजलेली. शेजारी कान तुटलेली निळी किटली. दोन्ही दिली. कशाला हवीत ते विचारलं नाही, कारण कळलं होतं.

विनीला त्यांनी सांगितलं, ही भांडी नुसती चित्र भरलेलं दिसावं म्हणून हवीत. आवाज नंतर लंडनमध्ये भरायचा होता. त्यामुळे चित्रावर काय बोललं जाणार, तिला ठाऊकच नव्हतं.

पुढे लघुपट आला आणि अख्खी गल्ली थिएटरात लोटली. विनी नवी टोपी घालून माझ्या शेजारी, मला पेपरमिंट देत. पडद्यावर तिचं सिंक दिसलं, त्यात माझं बरबटलेलं भांडं आणि किटली. एक गोड, शिकलेला आवाज म्हणाला, "अशाच घरांत रोगराई पोसली जाते."

मागून खाटकाची बायको डोरिस फिसकन हसली. "अगं बाई! म्हणजे पायरी नुसती दाखवायला!"

हशा पिकला. विनी माझ्याकडे वळली. त्याच किटलीतून मी तिला कित्येकदा चहा ओतला होता. ती वाट बघत थांबली. 'डोरिस, भांडी माझी आहेत,' एवढं पुरलं असतं. मी पेपरमिंट चघळत राहिले.

तीन दिवसांनी तिच्या दारात गेले. ती पायरी घासत होती.

"विनी, मी डोरिसला खरं सांगते."

"तेव्हा सांगायचं होतंस गं. आता म्हणतील, मीच पाठवलंय तुला." तिनं बादली बाजूला सरकवली. "जपून, ओलं आहे."

तरी मी डोरिसच्या दुकानात गेले. दुकानभर बायकांसमोर सगळं सांगितलं. डोरिसनं खिमा तोलता तोलता वर पाहिलं.

"विनीनं पाठवलं वाटतं?"