खंदकाच्या उतारावरची हरळी

परांड्याच्या किल्ल्याभोवतीचा खंदक वेड्या बाभळींनी भरून गेला होता. त्या तोडून उतारावर गवत लावायचं काम निघालं आणि शेजारच्या वस्तीतली साठीची शरिफाबी तिथं मजुरीला लागली.

आराखडा करणाऱ्या सोनालीनं बाहेरून लॉनच्या गाद्या मागवून उतारावर अंथरल्या. आठवड्याभरात जोराची एक सर आली आणि सगळ्या गाद्या घसरून खाली चिखलात गेल्या. सोनाली कपाळाला हात लावून बसली.

शरिफाबी तिच्याजवळ गेली. "बाई, हे गवत लई नाजूक हाय. इथली हरळी लावा. तिची मुळी माती सोडत न्हाय."

"तुम्ही लावून दाखवाल, खाला?"

शरिफाबीनं पदर खोचला. वस्तीतल्या तिघींना घेऊन तिनं शेतांच्या बांधांवरची हरळी उपटून आणली आणि वीत-वीत अंतरावर टोचली. दिवाळीपर्यंत उतार हिरवागार झाला. त्यावर काळी तटबंदी बुरुजांसकट उठून दिसू लागली. शरिफाबी जन्मभर इथं राहिली होती, पण बाभळींमुळे अख्खा किल्ला तिनं कधी पाहिलाच नव्हता.

ती धावत घरी गेली आणि नवऱ्याला, गफारमियांना, हाताला धरून घेऊन आली.

"बघा जी, आपलं गाव किती देखणं हाय!"

गफारमियांनी किल्ला पाहिला, मग उतार पाहिला. "आन् हे समदं तू केलंस?"

"आमी चौघी व्हतो," शरिफाबी म्हणाली आणि लाजून हसली.