कुरकुरणारं कुलूप

बसथांब्याशेजारच्या टपरीत किल्ल्या बनवून देणारी ती किल्लीबाई. तोंडाने फटकळ, हाताने साफ. कानस चालवता चालवता गिऱ्हाइकाची अशी फिरकी घ्यायची की माणूस किल्ली हरवल्याचं दुःख विसरून जायचा. "परत हरवलीत? आता गळ्यातच बांधून देते, चालेल?" पण हीच बाई संध्याकाळी स्वतःच्या खोलीचं दार उघडताना श्वास रोखून धरायची, हे कुणाला ठाऊक असणार!

धंदा शिकवला नवऱ्याने. कारागीर म्हणून गडी अव्वल, त्यात वाद नाही. कुणाची तिजोरी अडली की त्यालाच बोलावणं. माणूस म्हणून मात्र विचारू नका. आधी बायकोला दुकानात बसवलं, हातात कानस दिली. मग गिऱ्हाइकं तिच्याशी हसून बोलतात म्हणून पोटात दुखायला लागलं. त्याने तिला घरात कोंडलं आणि जाताना बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. परत आला की तोंडाआधी हात बोलायचा. एक दिवस तिने त्याचंच कुलूप त्यानेच शिकवलेल्या हाताने आतून उघडलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली.

सुटली म्हणावं, तर कसलं काय! भाड्याची खोली घेतली, टपरी टाकली, आणि नवऱ्याची स्वारी रस्त्याच्या पलीकडे येऊन उभी राहायला लागली. पुढे खोलीतल्या वस्तू हलायला लागल्या. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलेली. पलंगावर तिच्या उशीला लागून दुसरी उशी. चोरी काहीच नाही, कुलूप जसंच्या तसं. पोलीस म्हणाले, "अहो बाई, गेलं काय ते सांगा, मग लिहून घेतो." थोरली बहीण म्हणाली, "तूच हलवून विसरली असशील गं." एकदा खोली बदलूनही झाली, नव्या खोलीतही तेच. रात्रीची झोप गेली होती हो तिची, ती काय कुणी परत आणून देणार होतं?

तेव्हा तिने दाराला नवं कुलूप बसवलं आणि मुद्दाम तेल न घालता कोरडं ठेवलं. किल्ली फिरवली की असं कुरकुरायचं की शेजारीण दार उघडून बघायची. आत असताना कुणी हात लावलाच, तर निदान कळेल, एवढाच तिचा हिशेब.

आणि एका संध्याकाळी किल्ली लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. आवाज नाही, अडणं नाही. बाईने दार हळूच ढकललं. आत गेली तर खुर्ची पुन्हा दाराकडे वळलेली. तिने किल्ली नाकाशी नेली, तेलाचा वास घेतला, आणि अचानक तिला हसूच फुटलं. मेल्याला राहवलं नाही! बायकोला छळायला आला आणि कुरकुरणारं कुलूप बघून तेल घालून गेला! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काय उगाच?

ती थेट वकीलबाईंकडे गेली. संरक्षण आदेशासाठी अर्ज झाला. आदेश मिळाला तर नवरा दाराशी किंवा टपरीशी फिरकला की पोलीस उचलणार. नाही मिळाला तर टपरी मोडायची आणि पुन्हा नवं गाव शोधायचं. वकीलबाईंनी स्पष्टच सांगितलं, "मारहाणीला तुमची बहीण साक्ष देईल, पण ते जुनं झालं. तो आजही खोलीत येतो, हे दाखवायला हवं. तेल तुम्हीच घातलं म्हणेल तो."

"म्हणू दे. मला फक्त त्याच्या कामाला नावं ठेवू द्या," किल्लीबाई म्हणाली. वकीलबाईंनी मान डोलावली.

कोर्टात नवरोबा इस्त्रीच्या शर्टात हजर. वकील दिलाच नव्हता, स्वतःच्या जिभेवर भारी विश्वास. हात जोडून म्हणाला, "साहेब, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी तिच्या खोलीचं दारसुद्धा पाहिलेलं नाही."

न्यायाधीशांनी किल्लीबाईला विचारलं, "कुलूप कुणी उघडलं, असं तुमचं म्हणणं?"

तिने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. "आधी वाटलं होतं, यानेच. पण साहेब, आता शंका येते. इतकं गचाळ काम याचं नसावं. कुणी शिकाऊ असेल. तेल नुसतं ओतलंय, आतली पट्टी घासतेय ती घासतेच आहे—"

"घासतेय?" नवरा ताडकन उठला. "अगं, पट्टी तूच तिरकी बसवली होतीस! मी ती काढून, तासून, सरळ करून मग तेल घातलं! माझ्या हाताला गचाळ म्हणतेस?"

वकीलबाईंनी चष्मा वर सरकवला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "कुठल्या दाराची पट्टी, दादा?"

जगातली सगळी कुलपं उघडणाऱ्याला स्वतःच्या तोंडाला कुलूप काही लावता आलं नाही. मागच्या बाकावर थोरली बहीण तोंडाला पदर लावून रडत होती.

आदेश मिळाला. खोलीजवळ नाही, टपरीजवळ नाही, फोन नाही, निरोपही नाही. संध्याकाळी दोघी बहिणी खोलीवर आल्या. किल्लीबाईने आधी दाराचं कुलूप उतरवलं. काम खरंच उत्तम केलं होतं हो त्याने, पट्टी सुतासारखी सरळ. तिने ते भंगाराच्या डब्यात टाकलं आणि नवं, कोरडं कुलूप बसवलं. एक किल्ली आपल्याकडे ठेवली, दुसरी बहिणीच्या हातात दिली. बहिणीने फिरवून पाहिली. कुलूप करकरलं, शेजारणीचं दार उघडलं आणि बंद झालं.

बहीण म्हणाली, "आता कशाला गं हा आवाज? घाल की थेंबभर तेल."

"घालेन," किल्लीबाई म्हणाली. "मला वाटेल तेव्हा."