दोन ठोके आन् नुसता चहा

आमच्या बँडमंदी पह्यले दोन ठोके माह्या ढोलाचे. ते पडल्याबिगर कोणी फुंकत नाई. एवढा मान मले, आन् शाळेत मी दोनच दिवस गेलतो. दुसऱ्या दिवशी मास्तरच घरी सोडून गेले.

ढोल वाहून वाहून खांदा गेला. कोणीतरी दुखण्याची गोळी देल्ली. दुखणं थांबलं, गोळी थांबली नाई. एकाच्या चार झाल्या. ठोक्याच्या आंधी चहासंग घ्याच्या. मंग असं झालं का कुठंबी वरातीचा बाजा वाजला का माहा हात खिशात.

बायकोले वाटे का गोळ्यायनं मी विसरभोळा झालो. तिनं आठवण वाढवाचं ब्राह्मीचं औषध आणलं. दोन बाटल्या पेलो. बाजारातून काय आणाचं ते तसंच विसरो, पण तिनं गोळ्या कोणत्या डब्यात लपवल्या ते बरोबर आठवे.

शेवटी पोरीनं दवाखान्यात नेलं. तिचं लग्न दोन महिन्यावर होतं. म्हणे, "बाबा, माह्या लग्नात ढोल तुमीच वाजवा. पण गोळ्या खाऊन वाजवान, तं मी दुसरा बँड सांगीन."

डॉक्टरबाईनं सवय सुटाले जिभेखाली ठेवाची वेगळी गोळी सुरू केली, तेबी त्यायच्या समोरच घ्याची. म्या इचारलं, "म्याडम, गोळ्यायची आठवणच पुसून टाकाचं औषध नाई का?"

"नाही काका. उलट, आठवण वाढवणाऱ्या औषधानं नवी सवय पक्की बसते का, ते अजून तपासताहेत. तुमच्या डोक्यात ठोका आणि गोळी एकत्र बांधले गेलेत. रोज ठोके मारा आणि नुसता चहा प्या, म्हणजे ती गाठ सुटेल."

मंग सिंदी मेघेच्या आमच्या आंगणात रोज सकाळी दोन ठोके, आन् चहा. हात खिशाकडं पळे, मी त्याले धरून कपावर ठेवो. शेजारीन दारात येऊन म्हणे, "काऊन भाऊ, दोन ठोक्यातच वरात संपली?"

"नवरदेव पळून राह्यला वयनी. त्याले धरून बसलो."

लग्नाच्या दिवशी पिपरी मेघेत हॉलासमोर वरात उभी. सारा बँड माह्याकडं पाहून राह्यला. खिसा रिकामा, खांदा ठणकून राह्यला. म्या ठोके मारले. बाजा सुरू झाला, पण माह्या खांद्याच्या चालीनं, बैलगाडीसारखा.

नवरदेवाकडचा एक जण वैतागला, "हे काय हळू वाजवून राह्यले?"

नवरीच्या पांढऱ्या साडीतली माही पोरगी फाटकात उभी होती. म्हणे, "माहे बाबा वाजवून राह्यले. तुमी हळू नाचा."

नाचले बापा सारे, हळूच.