हवी आहे एक माफक कीड

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी शेजारच्या राज्यात सोळा वर्षं लोकांचे दात दुरुस्त केले. नवऱ्याची बदली झाली म्हणून इकडे आल्या, आणि हद्द ओलांडताच अडाणी ठरल्या. तिकडचा परवाना इकडे चालवायचा तर दंतपरिषदेचा नियम असा: परीक्षकांसमोर एका जिवंत माणसाची दाढ भरून दाखवा. माणूसही तुम्हीच शोधून आणा. कीड दोन दाढांच्या फटीत हवी, पण दाताच्या नसेपर्यंत पोचलेली नको. हा नियम करणाऱ्याने पोटासाठी कधी दारोदार हिंडून पाहिलेलं नाही, हे मी लिहून देतो.

मी इथल्या संघटनेचा कार्यकर्ता; आमच्या ऑफिसात मी वस्तीतली माणसं बाकावर ओळीने बसवली. बाई टॉर्च घेऊन तोंडं बघत गेल्या. कुणाचे दात धडधाकट, कुणाचे नुसते खुंट. मधलं काही नाहीच. असणार कसं? आमचा माणूस डॉक्टरकडे जातो तो गाल सुजल्यावर. परिषदेला हवी तसली माफक कीड बाळगणं ही खात्यापित्या घरची चैन आहे.

शेवटी ती घरातच सापडली, थोरल्या नणंदेच्या तोंडात. या दोघींमधून पहिल्या दिवसापासून विस्तव जात नाही.

"आजवर वन्सं तोंड आवरा, आता वन्सं तोंड उघडा. एकदा काय ते ठरव," नणंद म्हणाली.

"उघडा, पण बोलू नका."

एका ओळखीच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. कीड अगदी नियमात बसणारी. मग काय, परीक्षेपर्यंत नणंदेचं राज्य आलं. चहा गार म्हणून परत, उशी टणक म्हणून परत. वर धमकी तयार: "माझी दाढ आहे. मनात आलं तर उपटून टाकीन." बाई दात आवळून नवा चहा टाकायच्या.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि एका सकाळी चूळ भरताना नणंद गाल धरून बसली. मी तिथेच होतो, परिषदेला द्यायच्या निषेधपत्रावर सही घ्यायला आलो होतो.

"कळ रेंगाळते की लगेच थांबते?" बाईंनी विचारलं.

"लगेच थांबते."

"म्हणजे नस अजून वाचेल. आजच भरून घ्यायची. चला."

माझं डोकं फिरलं. "अहो, तीन आठवडे काढतील की त्या. गोळ्या द्या."

"तुमच्या तोंडात कळ आली की आपण गोळ्यांवर बोलू," बाई म्हणाल्या.

नणंद हटून बसली. "मी थांबते. माझी सहनशक्ती काढू नकोस." हा चांगुलपणा की हातचं राज्य जाईल ही भीती, ते तिचं तिला ठाऊक.

"थांबलात तर नस जाईल. उठा वन्सं."

बाईंनी तिला दंड धरून उठवलं. स्वतः भरली तर गुन्हा, म्हणून त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरकडून भरून घेतली, आणि तो भरत असताना हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या.

दुसरी कीड मिळाली नाही. तरी परीक्षेच्या दिवशी बाई गेल्याच. मी सोबत होतो. आणि पाठोपाठ, कुणी न बोलावता, नणंद.

"पेशंट?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"बरी झाली."

"तसं लिहायची सोय नाही. गैरहजर लिहितो."

"म्हणजे?"

"म्हणजे नापास. सहा महिन्यांनी या."

मी खिडकीवर हात आपटला आणि त्याच्या पूर्वजांपर्यंत पोचलो. बाईंनी माझी बाही ओढली. "ओरडून कुणाची दाढ किडत नसते. चला."

बाहेर पायऱ्यांवर नणंद म्हणाली, "माझ्यामुळे राहिलं असं चार लोकांत सांगत फिरू नकोस."

"सांगणार."

"मग मीही सांगीन, घरची दाढ हिला भरता आली नाही."

"सांगा. आणि आज डाव्या बाजूने चावून बघा. भरलेली दाढ उंच लागली तर तासून घ्यायला हवी."

"लागते जराशी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तूच म्हणालीस ना, बोलू नका."

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि परिषदेकडे पाठ करून सरळ दवाखान्याचा रस्ता धरला.