रहाटपाळण्याचा करारनामा

माझा डावा पाय लहानपणीच्या तापात गेला. गेला म्हणजे जागेवरच राहिला, फक्त कामाचा उरला नाही. कुबडीवर मी शाळेत गेले, कॉलेजात गेले, लग्नाच्या पंगतीत चांगल्या जागाही पटकावल्या. रहाटपाळण्यात मात्र कधी बसले नव्हते. पाळणा क्षणभर खाली टेकायचा, तेवढ्यात लोक धावत जाऊन टुणकन आत बसायचे. ते धावणं आणि ते टुणकन, दोन्ही माझ्याकडे नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी आम्ही अकोल्याजवळ मामांच्या गावच्या जत्रेला गेलो. या वर्षी बसायचंच, असं मी बाबांना सांगून टाकलं.

बाबा अमरावतीला वकिली करत. तोंडी शब्दाला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. दूधवाल्याच्या तक्रारीसुद्धा ते चिठ्ठीवर लिहून देत. चहा गार होईपर्यंत बसून त्यांनी करारनामा लिहिला, दोन प्रतींत. पाळणा जमिनीलगत पूर्ण थांबवावा. दोन इसमांनी तो धरून ठेवावा. मुलगी नीट बसल्याची खात्री झाल्याशिवाय हलवू नये. वरील बाबतीत कसूर झाल्यास सर्वस्वी जबाबदारी मालकाची.

मामा म्हणाले, "भाऊजी, मी नुसतं सांगतो न त्याले. दोन शब्दाचं काम हाय."

"तोंडी सांगितलेलं माणूस विसरतो," बाबा म्हणाले, आणि शाईचा पॅड पिशवीत टाकला.

चार पाळण्यांचा लाकडी रहाट होता, दोन गडी तो हातानं फिरवत. मालक पागोटेवाला, म्हातारा. बाबांनी कलमं वाचली तशी तो मान डोलवत गेला. शेवटच्या कलमाला त्याची मान थांबली. पॅड दिसल्यावर त्यानं हात पाठीमागे नेले.

"साहेब, कागद काहून?"

"मुलीच्या सोयीसाठी. इथे अंगठा द्या."

"सोय तं मी करतोच. दरसाल लंगड्या-पांगळ्यायले बसवतो. पण अंगठा नाही देत. माह्या भावानं एका कागदावर देल्ला, तवापासून तारखाच करून राहिला."

"म्हणजे बसवणार नाही?"

"अंगठा मांगसान तं नाही."

मागे रांग खोळंबली होती. त्यातली एक बाई ओरडली, "अवो वकील, पोरीले बसवून राहिले का कीर्तन करून राहिले?"

इथून परत फिरले असते तर पुन्हा विचारायची हिंमत झाली नसती, हे मला तिथेच कळलं.

"बाबा, कागद खिशात ठेवा."

"आणि काही झालं तर?"

"तर दुसराही पाय जाईल. निदान जोडी तरी जमेल."

मामा हसले. बाबांनी दोन्ही प्रती घडी घालून कोटात ठेवल्या. तरी मालकाचा जीव भांड्यात पडेना.

"साहेब, तुमी बी बसा संग. तुमीच वर असले तं खाली फिर्याद कोन करन?"

बाबा कोर्टाच्या गच्चीवरही कठड्यापासून हातभर लांब उभे राहत. पण चारचौघांत नाही कसं म्हणणार? बसले. गड्यांनी पाळणा धरून ठेवला, मालकानं स्वतः मला काखेत हात घालून उचललं, कापसाचं बोचकं ठेवावं तसं आत ठेवलं, आणि नीट बसले का हे दोनदा विचारलं. सगळी कलमं पाळली गेली, सहीविना.

वकीलसाहेब आत आहेत म्हणून गडी हळूच फिरवत होते. तरी दुसऱ्याच फेऱ्याला बाबांनी डोळे मिटून दांडा आवळला. "थांबवायला सांग," ते पुटपुटले. मी सांगितलं. मग दोन गड्यांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं आणि मामांनी पाणी पाजलं.

"बाई, तू बी उतरतं का?" मालकानं विचारलं.

"नाही."

"मंग हळू फिरवू?"

"सगळ्यांना फिरवता तसं."

त्यानं गड्यांना खूण केली. तिसऱ्या फेऱ्याला माझ्या पोटात असा खड्डा पडला की मी कॉलेजचं शिक्षण विसरून "थांबवा, थांबवा वो!" म्हणून किंचाळले. पण चारही पाळण्यांतून तेच ओरडणं चाललं होतं, आणि ते ऐकून थांबायची त्या गड्यांची रीत नव्हती. त्यांनी आणखी जोर लावला.